शंकरपट: गावच्या धावपट्टीपासून राज्याच्या नियमापर्यंत

शंकरपट म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्याला एक जोडी जुंपायची, आखून ठेवलेल्या सरळ पट्टीवर ती सोडायची आणि सर्वांत कमी वेळात पल्ला गाठणाऱ्या जोडीला इनाम द्यायचे, एवढाच या खेळाचा गाभा. बोलताना विदर्भातला माणूस शंकराला वगळून नुसता ‘पट’ म्हणतो. पट भरतो, पट सुटतो, जोडी पटावर चढते. ‘पट’ ही धावण्याची लांब पट्टी आणि ‘शंकर’ हा नंदीचा धनी, अशी या नावाची फोड सर्वत्र सांगितली जाते. नावात देव असला तरी पटावर पूजा थोडी आणि घड्याळ फार, हे जुन्या पटकऱ्यांनाही मान्य असते.

हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. बंडी, म्हणजे शेतमाल वाहणारी नेहमीची गाडी, पटाला चालत नाही, ती जड. पटाचा छकडा म्हणजे दोन चाके, एक आस, पुढे गेलेला दांडा आणि त्यावर माणूस जेमतेम टेकेल एवढी चौकट. बाजूंना आधार नाही. जोडी सुटली की धुरकरी बसत नाही, तो दबून राहतो: गुडघे दुमडलेले, छाती बैलांच्या पाठीकडे झुकलेली, दोन्ही कासरे मुठीत. एका बैलाचा कासरा बोटभर जास्त ओढला गेला तर जोडी तिरपी होते आणि तिरपी जोडी धावपट्टीबाहेर, लोकांत शिरते. म्हणून धुरकऱ्याचे कसब जोर लावण्यात नसून दोन बैलांची चाल एक राखण्यात आहे. उजवा बैल तापट आणि डावा थंड असेल तर कोणाला आधी हाक द्यायची, हे तो सरावात ठरवतो. बैल त्याचा आवाज ओळखतात. एकाच जोडीमागे वर्षानुवर्षे एकच धुरकरी का दिसतो, याचे कारण हेच.

या खेळाची मुळे शेतीच्या वेळापत्रकात आहेत. वऱ्हाडात खरिपाचा कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या चार दशकांत सोयाबीन. पोळ्याला बैलांना एक दिवसाची विश्रांती. मग पुन्हा रब्बीची घाई. माल घरात आला आणि संक्रांत जवळ आली की बैल आणि कास्तकार दोघेही जरा मोकळे होतात. वावरे रिकामी, जमीन कोरडी आणि टणक. पौष-माघात, फार तर उन्हाळा तापेपर्यंत, पट भरतात ते यामुळे. पावसाळ्यात काळ्या मातीत छकडा चाकभर रुतेल.

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अनसिंग हे याच काळ्या मातीचे, बाजारपेठेचे मोठे गाव. त्याच्या भोवतालच्या मुलुखाचा कारभार वारंवार बदलला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. कचेऱ्या हलत राहिल्या, पटाचा नियम मात्र गावातच ठरत होता. किती अंतर, कोणती जोडी कोणत्या गटात, वाद झाला तर कोणाचा शब्द शेवटचा, हे त्या-त्या गावची मंडळी ठरवत. राज्याने या खेळात हात घातला तो थेट एकविसाव्या शतकात.

वेगवान बैलाची गरज या प्रदेशात शर्यतीपेक्षा जुनी आहे. रेल्वे येण्याआधी बंजाऱ्यांचे लमाण तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खन ते माळवा फिरत. पुसद, मानोरा, दिग्रस हा टापू त्यांच्या वस्तीचा, आणि मानोरा तालुक्यातली पोहरादेवी हे आजही त्यांचे मोठे श्रद्धास्थान. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. लमाणांचा धंदा तिने मोडला, पण गावापासून स्टेशनापर्यंतची कापसाची वाहतूक बंडीवरच राहिली. गाडीला जुंपायची जोडी दमदार आणि चालीची हवी, हा हिशेब प्रत्येक घराला होता. पट हे त्या जोडीचे जाहीर प्रदर्शनच होते; पटावर धावलेल्या बैलाचा भाव दुसऱ्या दिवशीच्या बाजारात वेगळा लागे.

जातींचाही इथे संबंध आहे. वर्ध्याच्या आर्वी-कारंजा भागातला गवळाऊ पांढरा, सडपातळ आणि लांब टांगेचा. मराठ्यांच्या फौजेत डोंगराळ मुलुखातून झपाट्याने सामान नेण्यासाठी तो वापरात असल्याचे पशुधनाच्या ग्रंथांत नोंदले जाते. पश्चिम महाराष्ट्राचा खिल्लार त्याहून तापट, उंच शिंगांचा. नांदेडकडचा लाल कंधारी आणि लातूरकडचा देवणी हे अंगाने भारी, ओढकामाचे. अनसिंगचा टापू या सगळ्यांच्या मधोमध आहे. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला मराठवाडा. इथल्या पटावर मिश्र रक्ताच्या जोड्या अधिक दिसल्या तर त्याचे कारण नकाशातच आहे.

पटाचा दिवस साधारण असा असतो. गावाबाहेर एखाद्याचे लांबट वावर निवडतात. ढेकळे फोडून, दगड वेचून, पाणी मारून आणि लाट फिरवून पट्टी तयार होते. दोन्ही बाजूंना दोर किंवा बांबू. सुरुवातीच्या रेषेवर झेंडी घेतलेला एक माणूस, शेवटच्या रेषेवर घड्याळ लावणारे. पूर्वी हातघड्याळावर काम चाले. झेंडी पडलेली डोळ्याने पाहायची आणि बोटाने कळ दाबायची. यात माणसागणिक थोडाफार फरक पडतो, आणि पहिल्या दोन जोड्यांमध्ये अंतर त्याहून कमी असते. भांडणे इथेच होत. म्हणून जाणती मंडळी दोन-तीन घड्याळे लावत. आता रेषेवरून जोडी जाताच आपोआप चालू-बंद होणारी यंत्रे आली आहेत आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लागतो. भांडण त्यामुळे संपले नाही, ते बैलाच्या दातांकडे सरकले.

दातांचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. बैलाचे वय दातांवरून पाहतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा आणि सगळे दात आलेला जुळा. कोवळ्या बैलाला पक्क्या बैलाशी पळवणे अन्यायाचे, म्हणून गट पाडायचे. गटाची चिठ्ठी देण्याआधी एक जाणकार बैलाचा ओठ वर करून पाहतो. दुसा बैल आदत म्हणून पुढे करण्याची लबाडी नवी नाही, आणि ती पकडणाऱ्याला पटावर सरपंचापेक्षा जास्त मान असतो. काही ठिकाणी त्या पंचक्रोशीतल्या जोड्यांचा वेगळा गट ठेवतात, म्हणजे दुरून आलेल्या महागड्या जोडीपुढे गावचा कास्तकार सुरुवातीलाच बाद होत नाही.

विदर्भातल्या पटांमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या या गावी कृषक सुधार मंडळ जानेवारीच्या मध्यावर पट भरवते. मंडळाच्या नावातच पटामागचा जुना हेतू आहे: जोडी सुधारावी, कास्तकार सुधारावा. तळेगावची आणखी एक गोष्ट म्हणजे स्त्रियांचा पट. पटाच्या अखेरच्या दिवशी स्त्रिया छकड्यावर चढतात आणि त्याच पट्टीवर त्याच घड्याळाशी जोड्या सोडतात. पाहायला लोटणारी गर्दी नवलासाठी येते हे खरे. पण बैलांना दाणावैरण घालून वाढवणारी घरातली बाईच असते, तेव्हा जोडीने तिचे ऐकावे यात नवल थोडेच.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, पटाला वेगळाच जोडीदार मिळाला. बाहेरगावची माणसे बंड्या जुंपून पटाला येत, रात्री मुक्काम करत आणि त्यांच्यासाठी रात्रभर नाटक होई. दिवसा पट, रात्री नाटक. या मागणीवर देसाईगंज वडसा इथे नाटक कंपन्यांची पेठच उभी राहिली. पट कधी आहे यावरून नाटकाची तारीख ठरे आणि नाटक कोणाचे आहे यावरून पटाची गर्दी. पुढे पटावर बंदी आली तेव्हा नाटकाने मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा, आधार घेतला आणि तग धरला. पटाला असा दुसरा आधार नव्हता.

महाराष्ट्राच्या इतर भागांत याच शर्यतीची रूपे इतकी निराळी आहेत की एकाला दुसरा खेळ नवखा वाटावा. पुणे जिल्ह्यात, जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या पट्ट्यात, ती ‘बैलगाडा’ शर्यत. धावपट्टीला घाट म्हणतात आणि ती चढाची असते. गाड्याला चार बैल, पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची. गाड्यावर हाकणारा कोणीच नाही. चार बैल माणसाशिवाय घाट चढून अकरा-बारा सेकंदांत पार होतात. सातारा, सांगली, सोलापूरकडे छकडी; तिथे हाकणारा असतो, पाच-सात छकड्या शेजारी-शेजारी एकदम सुटतात, आधी गट, मग उपांत्य, मग अंतिम फेरी. अलिबाग-मुरूडकडे समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. एकीकडे घड्याळाशी स्पर्धा, दुसरीकडे शेजाऱ्याशी. चढ, सपाटी, वाळू आणि काळी माती. या चौघांना एका मापात बसवणे सोपे नाही, आणि तसा प्रयत्न करण्याची गरजही बराच काळ कोणाला वाटली नाही, कारण पुण्याचा गाडा तळेगावला येतच नव्हता.

किताबांना मात्र भूगोलाची अडचण पडली नाही. कुस्तीतला ‘हिंदकेसरी’ बैलांकडे आला. सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत हिंदकेसरी मैदान भरते. सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीला २०२३ मध्ये ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले आणि पहिल्या क्रमांकाला थार गाडी होती. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतल्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. बैलाने जिंकायचे आणि बैलाला कायमचे निवृत्त करणारे यंत्र घरी न्यायचे, यातला विनोद मैदानावर कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. एका वर्षात अनेक केसरी होतात, कारण किताब देणारी संस्था एक नाही. कुस्तीत किताबामागे राज्य आणि देश पातळीवरच्या परिषदा आहेत, वजनगट आहेत, निवड चाचण्या आहेत. बैलांच्या शर्यतीत देशाचे नाव किताबात आहे, पण त्याखाली लीग नाही.

लीग म्हणजे नुसत्या मोठ्या स्पर्धा नव्हेत. अंतर एक, घड्याळ एक, गट एक आणि तक्रार ऐकणारा एक, या चार गोष्टी जुळल्या तरच एका गावच्या निकालाला दुसऱ्या गावात किंमत येते. हा प्रश्न बैलांपुरता नाही. खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतींनाही तो पडला, आणि तिथे तो कसा सुटला हे पाहिले की पटाचे कुठे अडले ते स्पष्ट दिसते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १९३३ मध्ये मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराने मुलांना खोक्यांच्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावर पळवताना पाहिले. पुढच्याच वर्षी त्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९३५ मध्ये ती अ‍ॅक्रन शहरात गेली आणि १९३६ मध्ये तिच्यासाठी कायमचा उतार बांधला गेला. शहराशहरांत आधी निवड, मग सर्वांची त्या एकाच उतारावर परीक्षा. १९७३ मध्ये विजेत्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडले. सुटताना पुढची लोखंडी फळी खाली पडली की चुंबक गाडीला ओढून घेई. किताब काढून घेतला गेला. तपासणी करणारा एकच असल्यामुळे लबाडी पकडली गेली आणि तिचा निकालही लागला.

१९५३ मध्ये कॅलिफोर्नियात डॉन मर्फी यांनी स्काउट मुलांसाठी पाइनच्या लाकडी ठोकळ्याच्या छोट्या गाड्यांची शर्यत काढली. ठोकळा सर्वांना सारखा, चार चाके सारखी आणि वजन पाच औंसांहून, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमहून, जास्त नाही. त्या एका वजनाच्या आकड्याने हजारो तुकड्यांच्या शर्यती एकमेकींशी तोलता आल्या. जपानच्या तामिया कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या छोट्या विजेच्या चारचाकी गाड्यांसाठी १९८८ मध्ये ‘जपान कप’ सुरू झाला; त्यात लांबी १६५ मिलिमीटर, रुंदी १०५ मिलिमीटर अशी मापे बांधलेली. गंमत अशी की विदर्भाकडेही चाकाचे खेळणे फार जुने आहे, पण ते मोटारीचे नाही, बैलाचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरे चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. हा सण नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केल्याचे सांगतात. तिथे स्पर्धा होते ती सजावटीची. लाकडी बैलाला पळवावे असे कोणाला वाटले नाही, खरा बैल दारात होता तोवर.

भारतात या खेळाच्या सर्वांत जवळची शिस्तबद्ध लीग शेजारच्या कर्नाटकात आहे. दक्षिण कन्नड आणि उडुपी जिल्ह्यांत चिखलपाण्यातल्या धावपट्टीवर रेड्यांच्या जोड्या पळवतात, तो कंबळ. जिल्हा कंबळ समिती हंगामाचे वेळापत्रक लावते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर आठवड्याच्या अखेरीस एका गावी कंबळ. दोरीचा, नांगराचा, फळीचा असे गट ठरलेले, मोठ्या आणि लहान रेड्यांचे वेगळे. अंतिम रेषेवर लेसरचे किरण वेळ मोजतात. तरीही मापाचा गोंधळ तिथेही होऊ शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ऐकळ इथल्या कंबळात श्रीनिवास गौडा यांनी १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत पार केले. वर्तमानपत्रांनी त्याचे शंभर मीटरचे त्रैराशिक मांडून ९.५५ सेकंद काढले आणि उसेन बोल्टला मागे टाकले. रेडे ओढत नेत असताना माणूस किती धावला हे त्रैराशिकाला कळत नाही. गौडा यांनी स्वतःच चाचणीला जाण्यास नकार देऊन शहाणपण दाखवले.

महाराष्ट्रात एकच नियम आला तो खेळाडूंनी नव्हे, न्यायालयाने आणला. प्राण्यांच्या छळाविरुद्ध इंग्रजी अमलात १८९० चा कायदा होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम झाला आणि १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. या कायद्याच्या कलम २२ खाली, प्रदर्शनासाठी किंवा खेळासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांची यादी आहे. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या रांगेत ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैल जाऊन बसला. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी शर्यती थांबवल्या आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्हींना मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो ओढकामाचा प्राणी आहे, हा त्या निकालाचा एक मुद्दा.

बंदी अकारण नव्हती, हे नोंदवायलाच हवे. तुतारी, म्हणजे टोकाला आर असलेली काठी, पटावर सर्रास चाले. शेपटी पिरगाळणे, दाताने चावणे, विजेचा झटका देणे, दारू पाजणे हे प्रकार चोरून-मारून होत होते आणि पटकऱ्यांनाच ते ठाऊक होते. चांगली मंडळे असली जोडी बाद करत. पण बाद केलेली जोडी आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या पटावर उभी राही, कारण एका गावचा निकाल दुसऱ्या गावाला बांधील नव्हता. लीग नसण्याची खरी किंमत बैलाने मोजली.

सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीची सात वर्षे कास्तकाराला दुहेरी जड गेली. २०१४ मध्ये शर्यत पुरती गेली आणि मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. वेगवान बैलाचा वरचा भाव आणि म्हाताऱ्या बैलाचा खालचा भाव, दोन्ही टोके एकदमच तुटली. ट्रॅक्टर तर आधीच आलेला. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये तो सुमारे १ कोटी ४० लाख उरला. ही घट केवळ शर्यतबंदीची नाही, पण धावणारी जोडी विनाकारण पोसणे कोणाला परवडत नाही हेही तितकेच खरे.

परतीची वाट वळणावळणांची होती. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने अधिसूचना काढून अटींसह सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती पाचच दिवसांत थांबवली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लोक उतरले आणि तमिळनाडूने स्वतःची दुरुस्ती केली. त्यापाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिलमध्ये दुरुस्ती विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाला, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा मनाई केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले. दरम्यान राज्य शासनाने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवाल करून घेतला, आणि अखिल भारतीय बैलगाडा संघटनेने मोर्चे आणि पाठपुरावा चालू ठेवला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांना धरून शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

आता अनसिंगसारख्या गावाला पट भरवायचा तर वाट अशी आहे. अर्ज वाशीमला जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोबत अनामत रक्कम. धावपट्टी एक हजार मीटरहून लांब नको, ती दगडगोट्यांची किंवा तीव्र उताराची नको. प्रत्येक बैल नोंदणीकृत पशुवैद्यकाने तपासून धावण्यास योग्य ठरवलेला हवा. तुतारी, चाबूक, काठी, झटका काही नाही. छकड्यावर फक्त माणूस आणि कासरा. जागेवर पशुवैद्यक आणि जनावरांची रुग्णवाहिका, सावली, पाणी, आणि सगळ्या शर्यतीचे चित्रीकरण. बंदोबस्ताला अनसिंग पोलीस ठाण्याची माणसे. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ज्या गावात पूर्वी चावडीवर बसून तासाभरात पट ठरायचा, तिथे आता महिनाभर फाइल फिरते. तक्रार करणारे पुष्कळ आहेत; पण तुतारीशिवाय जोडी पळवायची म्हटल्यावर धुरकऱ्याच्या आवाजाला आणि हाताला पुन्हा किंमत आली, हेही पटावरच ऐकू येते.

नियमांनी बैलाला काय करायचे नाही ते राज्यभर सारखे केले. शर्यत कशी मोजायची ते केलेले नाही. एक हजार मीटर ही कमाल मर्यादा आहे, ठरलेले अंतर नाही. त्या आत प्रत्येक मंडळ आपल्या वावरानुसार पट्टी आखते. दातांचे गट गावागणिक बदलतात. एका पटावर लबाडीसाठी बाद झालेल्या जोडीचे नाव दुसऱ्या पटाच्या पंचांना कळवण्याची पद्धत नियमात नाही. त्यामुळे तळेगावच्या पट्टीवर नोंदला गेलेला सेकंद तळेगावपुरताच खरा असतो, आणि तीच जोडी दुसऱ्या रविवारी अनसिंगच्या शिवारात उभी राहिली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते.